मदत हवी आहे: अळसांद्याच्या (गोव्यातली चवळी) मुळांवर गाठी धरत नाहीत

पेडण्यात भात कापल्यावर त्याच शेतात अळसांदे लावतो, हजारभर चौरस मीटर असेल. झाडं पिवळट, उपटून बघितलं तर मुळांवर गाठी तुरळक आणि कापल्यावर आतून पांढऱ्या, म्हणजे नत्र काही धरत नाहीयेत. बांधापलीकडे शेजाऱ्याकडे मात्र गाठी भरपूर, आतून लालसर, नि तो बियाण्याला काहीच चोळत नाही!

मी रायझोबियमचं, म्हणजे गाठीत राहून हवेतला नत्र धरणाऱ्या जिवाणूंचं पाकीट (चवळीचंच, मुदतीतलं) गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळलं, सावलीत सुकवून लगेच पेरलं. बुरशीनाशक नाही, युरिया नाही, शेणखत घालतो, पाणी तुंबत नाही. जांभ्याची माती, सामू (pH) ५.२. चुना अजून घातलेला नाही. शेजाऱ्याच्या गाठी सूत्रकृमीच्या नाहीत, नखाने सहज सुटतात.

आता त्याच्या शेतातली माती आणून सरीत टाकायचा विचार आहे, इथल्या आंबट मातीत टिकलेले जिवाणू पाकिटातल्यांपेक्षा बरे असं मला वाटतं, पण सोबत मर रोग यायची भीती आहे. मातीऐवजी फुलोऱ्यातल्या झाडांच्या लाल गाठी धुऊन, ठेचून बियाण्याला लावल्या तर चालेल का? आणि चुना आधी घालायचा झाला तर पेरणीच्या किती दिवस आधी?