अनुभव धागा: कुत्र्याचं ‘ऑपरेशन’ (नसबंदी) करून आणलंत का?

फोंडा (धागा काढणारी)

आमची चिंगी अकरा महिन्यांची. जात विचाराल तर कुर्टीच्या नाक्यावरची. चतुर्थीच्या आधी पहिल्यांदा माजावर आली आणि तीन आठवडे आमच्या फाटकाबाहेर वाड्यावरच्या यच्चयावत बाप्या कुत्र्यांची ग्रामसभा भरली. एक तर कुंपण चढून बल्कांवात (पुढच्या ओसरीत) झोपायला लागला. स्वयंसेवकांच्या एका दवाखान्यात नाव घातलं, तर ते म्हणाले, दोनेक महिने जाऊ द्या, माजाच्या काळात गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, कापताना रक्त जास्त जातं. थांबलो. आता तारीख आलीय आणि सासूबाईंनी सुरू केलंय, “एकदा तरी पिल्लं होऊंदेत गो, पाप लागतं.” तब्येतीसाठी एका विताची काही गरज नसते हे डॉक्टरनी सांगून झालं. पण सासूबाईंपुढे डॉक्टर कोण?

तुम्ही केलं असेल तर लिहा. बिघडलं असेल तर तेही लिहा.

म्हापसा

उपाशी आणा, हे आम्हाला तीनदा सांगितलेलं. रात्री नऊनंतर ब्राउनीची वाटी उचलून मी कपाटावर ठेवली. सकाळी साडेसहाला पोदेर, म्हणजे सायकलवरचा पाववाला, आला, पों पों. ब्राउनीला रोज उंड्याचा तुकडा मिळतो. आई बाहेर आली, पाव घेतले आणि सवयीनं तुकडा टाकला. टाकल्यावर तोंडावर हात.

दवाखान्यात टेबलाशी बसलेल्या मुलीनं विचारलं, काही खाल्लंय का? मी बेधडक नाही म्हटलं. मागून आई: “पावाचा एवढुसाच तुकडा...” झालं, परत पाठवलं. रिक्षाचे पैसे आणि माझी रजा पाण्यात. तेव्हा राग आला, पण त्या मुलीनं नीट समजावलं. भूल चढताना उलटी झाली की पोटातलं श्वासनळीत जाऊ शकतं, आणि एवढुशा तुकड्यानंही कुत्रं जाऊ शकतं.

दुसऱ्या खेपेला पोदेराला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, फाल्यां भोंपू नाका (उद्या भोंपू नको). बिचारा सायकलवरून उतरला आणि आमच्या फाटकापुढून सायकल हातात धरून चोरासारखा गेला. ब्राउनी कान टवकारून बसलेली.

पेडणे

आमचा बाप्या, वाघ्या. मादीचं ऑपरेशन लोकांना पटतं, बाप्याचं म्हटलं की वाड्यावरच्या पुरुषांच्याच पोटात गोळा येतो. शेजारचे काका गाडीपर्यंत आले, “कित्याक रे त्या बिचाऱ्याक?” जणू त्यांनाच घेऊन चाललोय.

काम अर्ध्या तासात झालं. पोट उघडावं लागत नाही म्हणून बाप्याचं सोपं. घरी आला तो थेट तावेर्नातून (दारूच्या गुत्त्यातून) आल्यासारखा, मागचे पाय एकीकडे, पुढचे दुसरीकडे, भिंतीला डोकं टेकून उभा. रात्री खिमटी दिली, दोन घास खाल्ले.

माझी समजूत अशी की दुसऱ्या दिवसापासून भटकणं बंद. कसलं काय! आठव्या दिवशी टाके असतानाच खालच्या वाड्यावर सापडला. डॉक्टर हसले. अंगात आधीचे हार्मोन असतात, ते उतरायला काही आठवडे जातात, आणि तोवर पिल्लंही होऊ शकतात म्हणे. तर महिनाभर बांधून ठेवा. आता भटकणं कमी झालंय. भुंकणं तेवढंच आहे, त्याचा या कामाशी संबंध नाही.

डिचोली

रक्त तपासल्याशिवाय देऊ नका, एवढंच सांगायला आलोय. आमची सोनी दिसायला ठणठणीत, जेवण दोन वेळचं चोख. तपासणीत गोचिडीचा ताप निघाला आणि प्लेटलेट्स इतक्या खाली की डॉक्टर म्हणाले, आज सुरी लावली तर रक्त थांबायचं नाही. २८ दिवस गोळ्या. गोळी बांगड्याच्या तुकड्यात घालून द्यायची, ती बांगडा खाऊन गोळी स्वच्छ चाटून जमिनीवर ठेवायची. शेवटी पेडा कामी आला. दीड महिन्यानं ऑपरेशन झालं, काही त्रास नाही. आपल्याकडे काजूच्या बागेत हिंडणाऱ्या कुत्र्याला गोचीड नाही असं होतच नाही. सगळ्या शिबिरांत रक्त तपासत नाहीत, तेव्हा आपणच आधी करून घ्यावं.

पणजी

मी कॉलनीतल्या दोन भटक्यांबरोबर आमच्या मोगूलाही त्याच गाडीतून पाठवला, तिथे घोटाळा झाला. भटक्या कुत्र्यांची नसबंदी झाली की ओळखीसाठी कानाला खाच मारतात, म्हणजे पुन्हा पकडायला नको. कागदावर मोगूपण भटक्यांत गेला आणि कान कापून घरी आला. मुलगी रडली. मी भांडले, त्यांनी माफी मागितली, पण कान थोडाच चिकटवता येतो? घरच्या कुत्र्याचा वेगळा अर्ज असतो, तो स्वतः उभं राहून भरा आणि गळ्यातल्या पट्टीवरचा नंबर स्वतः वाचा. मुलगी आता त्याला ‘फाटक्या’ म्हणते.

बाकी कामाबद्दल तक्रार नाही. आसगावला तर वर्ल्डवाइड व्हेटर्नरी सर्व्हिस या प्राण्यांच्या संस्थेचं प्रशिक्षण केंद्रच आहे, बाहेरून तरुण डॉक्टर शिकायला येतात. आपल्या कुत्र्यावर शिकाऊ हात चालवणार म्हणून घाबरणाऱ्यांसाठी: शेजारी अनुभवी माणूस उभा असतो. आणि ते पिवळे टी-शर्टवाले, जाळं घेऊन रेबीजची लस टोचत फिरणारे, ते मिशन रेबीज या संस्थेचे. २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं, त्यामागे त्यांचे पाय झिजलेत.

मडगाव

वाईटही लिहा म्हणालात म्हणून. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. आमच्या कुत्रीचं जुलैत केलं, ही पहिली चूक माझी. अंगण म्हणजे चिखल. गळ्यात घालायचा कोन त्यांच्याकडे संपला होता, “चाटू देऊ नका” म्हणाले. रात्री तीन वाजता कोण जागं असतं? चौथ्या दिवशी सकाळी बघते तर टाका उसवलेला, आतलं गुलाबी दिसतंय. फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, “उद्या गाडी त्या बाजूला येईल.” उद्या! ओढणीनं पोट बांधून खाजगी डॉक्टरकडे नेली, पुन्हा भूल, पुन्हा टाके, आणि फुकट ऑपरेशन चांगलंच महागात पडलं.

मग नवऱ्याच्या जुन्या बनियनला शेपटीसाठी भोक पाडून तिला घातला, पाठीवर गाठ मारली. दहा दिवस तोच पोशाख. कोनापेक्षा बरा, दाराला आपटत नाही.

वाळपई

आम्ही केलं नाही. आमची काळी आठ वर्षांची झाली, माज येऊन महिना झाला असेल, पाणी फार प्यायला लागली. उन्हाळा आहे म्हणून सोडून दिलं. गर्भाशयात पू झाला होता. म्हापशाला पोहोचेपर्यंत उशीर झाला. फोंड्याच्या ताईंनी हे सासूबाईंना वाचून दाखवावं.

फोंडा (धागा काढणारी)

वाचून दाखवलं. वाळपईचं ऐकून सासूबाई काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या.

काल झालं. रक्त तपासून घेतलं होतं, अर्ज मीच भरला, कान शाबूत आहेत. शुद्धीवर येईपर्यंत एक मुलगी चटईवर चिंगीची जीभ बाहेर काढून, तिच्या अंगावर गोधडी घालून बसली होती, एकेका कुत्र्याला हात लावून गरम आहे का बघत. मला वाटलं होतं आम्हाला बाहेरच बसवतील.

रात्री सासूबाईंनी स्वतः पेज केली, मीठ न घालता, आणि चमच्यानं भरवली. म्हणाल्या, “पाप तुमका, पेज माका.” मडगावच्या ताई, बनियनची शेपटीची बाजू किती कापली होती? आमचा घसरतोय.