वर्षभराच्या फेलोशिपनं ऊसतोड्यांचं काय भलं होणार?

बांधावरून:
धारूरकडं यंदा एक पदवीधर पोरगी फेलोशिपवर आलीय, स्थलांतरित मजुरांच्या हक्कांचं काम करायला. वय बावीस. चार फॉर्म भरायचे, कोपीपुढं, म्हणजे मजुरांच्या झोपडीपुढं, फोटो काढायचे, वर्ष संपलं की पुढच्या शिक्षणाला निघून जायचं. तेच मानधन गावातल्या पोराला दिलं असतं तर? ज्यांनी कोयता कधी धरला नाही, त्यांनी आम्हाला हक्क शिकवायचे?

कोयत्याची लेक:
राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी कोपीतच वाढले. नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता, उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, नवऱ्याच्या नावावर, आणि हिशोब टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या वहीत. माझ्या आईनं सतरा हंगाम तोड केली, एकाही कागदावर तिचं नाव नाही. गेल्या हंगामात अशीच एक फेलो आमच्या टोळीबरोबर राहिली. तिनं शंभर पानी वही आणली. रोज संध्याकाळी काटापावती, म्हणजे ऊसाच्या वजनाची पावती, मागायची, टन लिहायचे, खाडा म्हणजे बुडालेला दिवस लिहायचा, आणि वडिलांच्या खाली आईचं नाव वेगळ्या ओळीत. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, तिची आणि मुकादमाची वही शेजारी ठेवली तर अकरा टनांचा फरक. २०२४ च्या जानेवारीत तोडणीदर ३४ टक्क्यांनी वाढवायचं ठरलं. टनच कमी लागले तर ती वाढ कुणाच्या खिशात गेली?

टायरगाडी मुकादम:
वहीचं कौतुक पुरे. उचल बुडवून पळणाऱ्यांबद्दल लिहिते का एखादी फेलो? माझे सहा कोयते उचल घेऊन ऐन हंगामात दुसऱ्याच्या टोळीत गेले, कर्नाटकात. कारखान्यानं पैसे माझ्याकडून वसूल केले. दीड एकर विकली. मी पण मोळ्या वाहूनच मुकादम झालोय. मजुराला हक्क, मग आम्हाला काय?

हद्दीवरचा:
दादा, तुमचं नुकसान खरं आहे. पण कारखाना करार तुमच्याशी करतो, मजुराशी नाही, म्हणून उचल बुडाली की तुमच्या गळ्याशी आणि उचलीपायी माणूस पळवून नेला की मजुराच्या. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची हद्द ओलांडली तरच लागू व्हायचा. बीडहून बेळगावला गेलेला त्यात बसायचा, बीडहून कोल्हापूरला गेलेला नाही. काम तेच, ऊस तोच. आणि उचलीपायी माणूस अडकवून ठेवणं १९७६ पासून वेठबिगारीच्या कायद्यानं गुन्हा आहे.

टायरगाडी मुकादम:
वेठबिगारी कुणाला म्हणता? शब्द मागं घ्या. लग्नाला, दवाखान्याला, घरावरच्या पत्र्याला रात्री बारा वाजता पैसे कोण देतो? बँक देते का?

कोयत्याची लेक:
त्यांनी घेतला तरी मी घेऊ देणार नाही. तुम्ही पैसे देता हे मान्य. पण माझी चुलती तापानं फणफणलेली असताना आमच्या मुकादमानं दोन दिवसांच्या खाड्याचे हजार रुपये कापले. बाकी फिरली, म्हणजे उचल फिटली नाही, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा त्याच टोळीत. तिला नको म्हणायची सोय नव्हती. ह्याला तुम्ही काय म्हणता ते सांगा.

टायरगाडी मुकादम:
आजारपणात कापायला नको होते. एवढंच मानतो. सगळे मुकादम तसे नाहीत.

बांधावरून:
वहीचं मला माहीत नव्हतं. फोटो काढून जाणाऱ्याही मी पाहिल्यात, तेव्हा माझा राग उगाच नाही. पण ही वही कामाची, मान्य. आता ती फेलो गेली, मग लिहितं कोण?

कोयत्याची लेक:
धाकटा भाऊ लिहायचा, सातवीत आहे. यंदा त्याला गावातच हंगामी वसतिगृहात ठेवलंय, तो फडात नको म्हणून. आईला आकडे कळतात, अक्षरं नाहीत. ती पावती बघते, प्रत्येक टनाला एक रेघ ओढते आणि पान दुमडून पदराला बांधते.

बांधावरून:
पट्टा पडला की सांगा. रेघा मोजायला मी येतो.

टायरगाडी मुकादम:
या मोजायला. माझ्या दीड एकराचं मात्र अजून कुणी काही बोललं नाही.