मदत हवी आहे: गोल्डफिशच्या टाकीसाठी तिघांचे तीन सल्ले, खरा कुठला हे ओळखायचं कसं?

नमस्कार मंडळी,

तीन आठवड्यांपूर्वी लेकासाठी दोन फुटी टाकी आणली. साधारण ५५ लिटर पाणी, टॉप फिल्टर आणि चार छोटे ऑरँडा गोल्डफिश, सगळं एकाच दिवशी. काल सकाळी एक मासा तळाशी आडवा पडलेला दिसला. उरलेले तिघं फिल्टरचं पाणी पडतं तिथे वर येऊन तोंड उघडमीट करतायत, कल्ले भराभर हलतायत. लेक काल शाळेतही गेला नाही, नुसता टाकीसमोर बसून होता.

टेस्ट किट आणला. नळीत पाच मिली पाणी घेतलं, दोन्ही बाटल्यांचे थेंब टाकले, हलवून पाच मिनिटं ठेवलं. पिवळं राहायला हवं होतं ते हिरवं झालं. तक्त्याशी लावून पाहिलं तर अमोनिया (माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारं विष) १ पीपीएम, म्हणजे लिटरमागे १ मिलीग्राम.

दुकानदार म्हणतात, सगळं पाणी काढा, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुवा आणि निळं औषध टाका. गेल्या आठवड्यात त्यांच्या सांगण्यावरून स्पंज एकदा तसा धुतलाही होता. व्हॉट्सॲप ग्रुपवर रत्नागिरीचे एक दादा आहेत. ते म्हणतात, पाण्याला हात लावू नका, १ पीपीएमने काही होत नाही, माझ्याकडे याहून जास्त होता आणि एकही मासा गेला नाही. टाकीचे फोटो पाठवले, टाकी खरंच देखणी आहे. आणि एका व्हिडिओत सांगितलंय की १ पीपीएम म्हणजे मासे आजच्या आज जाणार, बाटलीतले जिवाणू ओता. बाटली विकत घ्यायची लिंक खालीच.

मासे वाचवायचेच आहेत. पण सल्ला भरवशाचा आहे की नाही हे माझ्यासारख्या नवख्याने ठरवायचं कशावरून? तिघंही ठामपणे बोलतात आणि दादा तर अगदी आपुलकीने वेळ देतात.

प्रतिसाद १
पाणी कुठलं आणि पीएच किती (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप, आम्लधर्मी असेल तर आकडा कमी)? हे कळेपर्यंत खाणं बंद ठेवा. एअर पंप असेल तर लावा.

धागाकर्ता
पुण्यात राहतो, सोसायटीला बोअरचं पाणी. आत्ता मोजलं, पीएच ८.२. तापमान २५.

प्रतिसाद १
मग तुमचे दादा खोटं बोलत नाहीत, पण त्यांचा सल्ला तुम्हाला लागू नाही. किट दाखवतो तो एकूण अमोनिया. त्यातला काही भाग अमोनियम असतो, तो बराच निरुपद्रवी. कल्ले जाळतो तो मुक्त अमोनिया, आणि त्याचं प्रमाण पीएचवर ठरतं. २५ अंशांना पीएच ८.२ असेल तर एकूण अमोनियातला सुमारे ८ टक्के मुक्त असतो. पीएच ६.५ असेल तर ०.२ टक्केसुद्धा नाही. म्हणजे तोच १ पीपीएम तुमच्याकडे चाळीसपट जास्त विषारी. कोकणात जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुतेक मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं, आपल्याकडे काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड. दादांना त्यांचा पीएच विचारून बघा.

आत्ताच्या आत्ता निम्मं पाणी बदला, तापमान जुळवून. उद्या परत मोजा.

सल्ला देणाऱ्याला मी नेहमी विचारतो की तुमची टाकी किती जुनी, पाणी कुठलं, मोजलं होतं का. ज्याला खरंच माहीत असतं तो उलट आपल्यालाच हे प्रश्न आधी विचारतो. आणि "माझे मासे दहा वर्षं असेच जगतायत" हे दहा वर्षं मुरलेल्या टाकीबद्दल असतं. तुमची तीन आठवड्यांची आहे, फिल्टरमध्ये अमोनिया संपवणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात.

प्रतिसाद २
स्पंज नळाखाली धुवू नका, ताई-दादा जे कोणी असाल. नळाला पालिकेचं पाणी असेल तर त्यातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळा. निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू, तेही त्या जिवाणूंना मारक, मुख्य टाकीत नको.

सगळे एकच सांगतात म्हणून ते बरोबर, असंही धरू नका. जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट करतात. त्या नायट्राइटचं पुढे नायट्रेट करणारे जिवाणू म्हणजे नायट्रोबॅक्टर, असं छंदाच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं जायचं. १९९८ साली होवानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्यांतले जिवाणू तपासले, तर ते काम नायट्रोस्पिरासारखे जिवाणू करत होते. म्हणून बाटली घ्यायचीच असेल तर आत नेमकं काय आहे ते लेबलवर वाचा, आणि टाकल्यावर अमोनिया उतरतो का ते रोज मोजा.

एक मनापासून सांगते, ५५ लिटरमध्ये तीन गोल्डफिशही जास्त आहेत. मोठ्या टाकीचं बघा.

धागाकर्ता
दोघांचे खूप आभार. काल निम्मं पाणी बदललं, आज सकाळी परत निम्मं. आत्ता अमोनिया ०.५ आणि ०.२५ च्या मधला रंग. दोघं खाली उतरून खडे उकरायला लागलेत, तिसरा अजून वरच आहे.

रत्नागिरीच्या दादांना पीएच विचारला. त्यांनी लगेच मोजून कळवलं, ६.६. म्हणाले, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, ग्रुपवर टाकतो. उद्या सकाळची टेस्ट लेक करणार आहे, आकडा इथेच लिहितो.