कॉस्टिक सोड्याने हात भाजला, मनगटावरची काळी खपली दुखतच नाही : मदत हवी आहे

मंजिरी_इ

नमस्कार. मी इचलकरंजीची. प्रश्न सासूबाईंच्या हाताचा आहे. वय ६३, शुगर आठ वर्षांपासून, गोळ्या चालू आहेत.

गेल्या मंगळवारी मोरी तुंबली. गावात कापडाची प्रोसेस हाउसेस आहेत, त्यामुळे कॉस्टिकचे फ्लेक्स कुणाकडूनही मिळतात. आमच्याकडेही पिशवीत थोडे उरले होते. आईंनी वाटीभर फ्लेक्स जाळीवर टाकले आणि वरून कढत पाणी ओतलं. ते एकदम उसळलं आणि डाव्या हातावर, मनगटापासून कोपराच्या अलीकडेपर्यंत उडालं. त्यांनी पदराने पुसलं. जळजळ फारशी नव्हती. "हाताला साबण लागल्यासारखं बुळबुळीत लागतंय," एवढंच म्हणाल्या. शेजारच्या काकूंनी लिंबू चोळलं, क्षारावर आंबट लावलं की उतरतं म्हणून. नंतर नळाखाली हात धरला तो जेमतेम दोन मिनिटं. मी तेव्हा कामावर होते.

संध्याकाळी आग सुरू झाली, रात्रभर झोप नाही. सकाळी पाहिलं तर कातडी राखाडी-पांढरी, भिजलेल्या चामड्यासारखी. बांगड्या आणि पाटल्या तशाच हातात होत्या. त्या साबण लावून कशाबशा काढल्या, तर खाली सगळ्यात वाईट जखम. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पांढरं मलम लावलं, एक दिवसाआड ड्रेसिंग सुरू केलं.

आज नववा दिवस. वरचा भाग लाल आहे, हात लावला की दुखतो, पण कडेने भरतोय असं वाटतं. बांगड्यांच्या जागी मात्र चार बोटं रुंद काळा, कडक पट्टा झालाय. तिथे टाचणी टोचली तरी कळत नाही. डॉक्टर म्हणतात, खपली धरली आहे, आपोआप पडेल, तीन आठवडे थांबा. घरचे म्हणतात, दुखत नाही म्हणजे बरं होतंय. माझं मन मानत नाही. थांबावं की दुसरीकडे दाखवावं? आणि दाखवायचं तर कुणाला, स्किनच्या डॉक्टरांना की सर्जनला?

दुसरं, माझा दीर स्टीलच्या फॅब्रिकेशनमध्ये आहे. वेल्डिंगचा काळा डाग काढायला पिकलिंग पेस्ट ब्रशने लावतो, हातमोजे असले तर असले. त्याला भाजलं तर हेच पाण्याचं करायचं ना?

वॉर्डसिस्टर

मंजिरी, थांबू नकोस. मी बर्न्स वॉर्डात अकरा वर्षं काम केलंय. न दुखणारी, काळी, कडक कातडी ही खपली नसते, ती मेलेली कातडी असते. दुखत नाही कारण तिथल्या संवेदनेच्या नसाही गेल्यात. जो भाग दुखतोय तोच खरं तर जिवंत आहे आणि तो भरेल.

ॲसिडने कातडीचा वरचा थर गोठतो आणि बऱ्याचदा तो थरच पुढचं ॲसिड अडवतो. कॉस्टिकचं तसं नाही. ते चरबीचा साबण करतं आणि प्रथिनं विरघळवत आत जातं. आईंना बुळबुळीत लागलं ते हेच होतं. म्हणून सुरुवातीला वेदना कमी आणि जखम खोल. त्यात बांगड्यांखाली ते पाणी अडकून रात्रभर राहिलं.

प्लास्टिक सर्जनना दाखव, याच आठवड्यात. मिरजेला किंवा कोल्हापूरला सरकारी रुग्णालयात ते कोणत्या दिवशी ओपीडीला असतात ते आधी विचारून घे. भाजलेल्यांचे उपचार महात्मा फुले योजनेत येतात, म्हणून रेशन कार्ड आणि आधार बरोबर ने. जाताना मलम लावू नका. त्या पांढऱ्या मलमाचा साय धरल्यासारखा थर बसतो आणि खोली कळत नाही. नुसतं स्वच्छ ओलं गॉज गुंडाळून न्या.

आजच्या आज हे बघ: काळा पट्टा मनगटाभोवती पूर्ण फिरलाय का? बोटं गार, निळसर, बधिर आहेत का? असतील तर ओपीडीची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठा. ताप, वास, पू, कडेची लाली वर चढणं, यातलं काही असलं तरी तेच. आणि शुगर तपासा. ती चढलेली असेल तर कितीही चांगलं ड्रेसिंग करा, जखम भरत नाही.

माईआजी

अगं, कोरफडीचा गर लाव की. माझ्या हातावर तेल उडालं होतं, आठ दिवसांत डागही राहिला नाही.

वॉर्डसिस्टर

आजी, तेलाच्या वरवरच्या भाजण्यावर ते चालून गेलं असेल. इथे मेलेल्या कातडीखाली पू धरायची भीती आहे, त्यात शुगर. कोरफड, हळद, तूप, टूथपेस्ट यातलं काहीही नको. लिंबाचंही तेच. क्षार आणि आम्ल एकत्र आले की उष्णता तयार होते, वर चोळाचोळीत पाण्याची मोलाची मिनिटं जातात.

शिरोलीकर

मी एमआयडीसीत सेफ्टीचं काम बघतो, म्हणून दिराच्या प्रश्नाचं सांगतो. हा प्रश्न विचारलात ते फार बरं झालं.

पिकलिंग पेस्टमध्ये नायट्रिक ॲसिडबरोबर बहुतेक वेळा हायड्रोफ्लोरिक ॲसिड (एचएफ) असतं. डब्यावर एचएफ लिहिलंय का बघायला सांगा. याला पाणी लागतंच, पण नुसत्या पाण्याने भागत नाही. यातलं फ्लोराइड कातडीतून आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. सौम्य द्रावण असेल तर वेदना काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होते. वरून नुसतं लालसर दिसतं आणि माणूस ठणक्याने रडतो. मोठा भाग भाजला तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो.

त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल लागतं, २.५ टक्क्यांचं. आमच्याकडे ते तयार मिळत नव्हतं तेव्हा कंपनीच्या डॉक्टरांनी बनवून दिलं: १० टक्क्यांच्या इंजेक्शनचं २५ मिली औषध आणि पाण्यात विरघळणारी ७५ मिली जेली. पाण्याने धुतल्यावर हातमोजा घालून ते चोळत राहायचं आणि तसंच रुग्णालयात जायचं. तिथे पहिलं वाक्य "एचएफने भाजलंय" हेच बोलायचं, नुसतं "ॲसिड" नाही. शक्य असेल तर डब्याच्या लेबलचा फोटो दाखवायचा. दीर जिथे काम करतो तिथे हे जेल नसेल तर त्याने पेस्टला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकी बॅटरीचं ॲसिड, टाइल्सचं ॲसिड, कॉस्टिक, ओलं सिमेंट, सगळ्याला वाहतं पाणी किमान २० मिनिटं, घड्याळ लावून. क्षार असेल तर तासभरही. कोरडे फ्लेक्स किंवा चुना अंगावर पडला तर आधी कोरडाच झटकायचा, मग भरपूर पाणी. कपडे, घड्याळ, अंगठी, बांगड्या पाणी चालू असतानाच उतरवायच्या. डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून तेवढाच वेळ धुवायचं आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. आम्ही पीएच पेपर, म्हणजे आम्ल की क्षार ते रंगाने दाखवणारा कागद, ठेवतो. धुतल्यावर थोडं थांबून कातडीला लावायचा, रंग अजून निळा आला की परत नळाखाली.

आणि मोरीत कॉस्टिकवर कढत पाणी कधीच नाही. ते विरघळतानाच इतकं तापतं की गार पाणीसुद्धा उकळतं.

मंजिरी_इ

सगळ्यांचे मनापासून आभार. शुक्रवारी मिरजेला गेलो. सर्जननी बघताक्षणी सांगितलं की मनगटाचा भाग पूर्ण खोल आहे. पट्टा भोवती फिरलेला नाही, बोटांचा रक्तपुरवठा ठीक आहे. शुगर २८४ निघाली, म्हणून आधी इन्सुलिन, मग मेलेली कातडी काढून मांडीची पातळ कातडी लावणार. वरचा भाग तसाच भरेल म्हणाले. आई फार घाबरल्यात. दिराने डबा बघितला, त्यावर एचएफ आहे. त्याने मालकाला जेल आणायला सांगितलंय, तोवर पेस्टचं काम बंद.

सिस्टर, एक विचारायचं राहिलं. ऑपरेशन होईपर्यंत त्या हात पोटाशी धरून बसतात, बोटं हलवतच नाहीत. हलवायला लावू का?

वॉर्डसिस्टर

हो, लाव. दर तासाला दहा वेळा मूठ उघड-मीट, दुखलं तरी. झोपताना हात उशीवर, छातीपेक्षा उंच. कातडी लावल्यावर मात्र पहिले काही दिवस मनगट अजिबात हलवायचं नाही, पट्टी सर्जन स्वतः उघडतील तेव्हाच. मांडीची जखम साधारण दोन आठवड्यांत भरते आणि पहिले दिवस हातापेक्षा तीच जास्त दुखते. हे आईंना आधीच सांगून ठेव.