सावड, इर्जिक, पैरा: अर्थ एकच का?

प्रश्न (बार्शी तालुका)

आमच्या गावात गटशेतीचा गट सुरू झालाय आणि बैठकीचा वृत्तान्त लिहायचं काम माझ्याकडे आलंय. तुरीच्या खुरपणीला गटातली माणसं आळीपाळीनं एकमेकांच्या रानात जाणार, असं ठरलं. मी वहीत 'इर्जिक पद्धतीने खुरपणी' असं लिहिलं. घरी वाचून दाखवलं तर आजी म्हणाली, "ही कसली इर्जिक? ही सावड." शेतीवरच्या लेखांत आणि पत्रकांत मात्र 'सावड (इर्जिक)' असं एकत्रच छापलेलं दिसतं. खरंच दोन्हींत फरक आहे का? आणि असला तर तो आमच्याच भागापुरता आहे का?

उत्तर (माणदेश)

आजींचं बरोबर आहे, आणि फरक चांगला ठसठशीत आहे.

सावड फेडायची असते. आज तुमच्या घरची दोन माणसं माझ्या रानात आली, तर उद्या-परवा माझ्या घरची दोन माणसं तुमच्या रानात गेलीच पाहिजेत. माणसाला माणूस, दिवसाला दिवस. बैलजोडीचा दिवस माणसांच्या किती दिवसांबरोबर धरायचा, हेही आधी बोलून घेतात. वहीत कुणी लिहीत नाही, पण कुणाकडं आपले किती दिवस निघतात हे घरातल्या बायकांना तोंडपाठ असतं. 'आमची एक सावड तुमच्याकडं राहिली', 'कालच्यानं सावड फिटली' अशीच भाषा चालते. त्यामुळं सावड मोजक्या घरांतच जमते. रानं शेजारी हवीत, पिकं सारखी हवीत आणि माणूस शब्दाचा पक्का हवा. न्याहारीचं फडकं ज्याचं त्यानं बांधून न्यायचं.

इर्जिक घालायची असते. जेवण घालतात, तशीच इर्जिक घालतात, आणि त्या क्रियापदातच तिचं अर्धं स्वरूप आलं. ज्याचं काम अडलंय तो घरोघर सांगावा धाडतो. ठरल्या दिवशी औतं घेऊन, विळे-खुरपी घेऊन सगळे येतात, दिवसभरात काम उरकतात, यजमानाकडं जेवतात आणि तिथं तो व्यवहार संपतो. 'तुमच्या इर्जिकीला आलो होतो, आता माझा एक दिवस द्या' असं म्हणायची पद्धत नाही. उद्या माझ्यावर वेळ आली तर मीही सांगावा धाडीन आणि तुम्ही याल, एवढा विश्वास पुरतो.

इर्जिक कोण घालायचं, हे पाहिलं की फरक आणखी उघडा पडतो. घरधनी अंथरुणाला खिळलाय, ऐन पेरणीच्या तोंडावर बैल गेलाय, कर्त्या पोराच्या मागं सून एकटीच राहिलीय, अशा घराला सावड करता येत नाही, कारण फेडायला माणूसबळच नसतं. इर्जिक अशा घराला चालते. याच कारणासाठी मला दोन्ही शब्द वेगळे राहायला हवेत असं मनापासून वाटतं. 'सावड (इर्जिक)' असं कंसात कोंबलं की जे घर फेडू शकत नाही त्याच्यासाठी गावानं केलेली सोय नजरेआड होते.

सावडीमागं निव्वळ चांगुलपणा होता असं मात्र कुणी समजू नये. भारी काळ्या जमिनीत खोल नांगरट करायची तर एका जोडीचं काम नव्हे. लोखंडी नांगराला तीन-चार जोड्या, म्हणजे सहा-आठ बैल जुंपायला लागायचे. एका घरच्या दावणीला आठ बैल कितीजणांकडं असणार? चौघांनी आपापली जोडी आणायची आणि चौघांची रानं पाळीनं नांगरायची, याशिवाय इलाज नव्हता. ट्रॅक्टर आला तशी नांगरटीची सावड पहिली मोडली. खुरपणी, काढणी अशा हातानं करायच्या कामांत ती अजून टिकून आहे, आणि मजुरीचे दर चढले तशी काही गावांत पुन्हा धरलीय.

इर्जिक कशी असते ते ज्वारीच्या काढणीला बघावं. आमच्याकडं रब्बीची ज्वारी मुळासकट उपटतात. उन्हं चढली की पानं करकरीत होतात आणि हात चिरतात, म्हणून दंव असतानाच हात लावायचा. तळव्याला चिंध्या गुंडाळून माणसं ओळीनं उभी राहतात आणि प्रत्येकजण आपली पात धरतो. दोन्ही हातांनी ताट बुडाशी धरायचं, कमरेतून मागं रेटा द्यायचा, मुळाची माती पायावर झटकायची आणि ताट आडवं टाकायचं. एखाद्या म्हाताऱ्याची नाहीतर नवख्या पोराची पात मागं राहिली तर शेजारचा न बोलता तिच्यातली चार-चार ताटं ओढत पुढं जातो. रोजगाराच्या कामात हे फारसं दिसत नाही. कुणाचा गळा चांगला असला तर भलरी, म्हणजे कामाचं गाणं, सुरू होते, बाकीचे झील धरतात आणि हात त्या ठेक्यावर चालतात. दुपारी बांधावर पंगत. ऐपतीप्रमाणं पुरणपोळी, नाहीतर मटण-भाकरी. संध्याकाळपर्यंत पेंढ्या बांधून बुचाडं उभी करायची आणि मगच घरी जायचं.

तेव्हा तुमच्या वहीत 'सावड' लिहा.

कोल्हापूर

आमच्याकडं सावड समजते, पण बोलताना तोंडात येतो तो 'पैरा'. 'पैऱ्यानं भांगलण' (म्हणजे खुरपणी), 'पैरा केलाय', 'पैरा फेडायचाय' असं. ज्याच्याशी पैरा तो पैरेकरी. दोघांकडं एकेकच बैल असला तर दोघांचे मिळून एक औत व्हायचं, तोही पैराच. वर माणदेशच्या दादांनी सावडीचा जो नियम सांगितला, तो पैऱ्याला तंतोतंत लागू पडतो. फेड ही आलीच.

या शब्दाचं आयुष्य अलीकडं वाढलंय तेही सांगतो. सातारा-सांगलीच्या बैलगाडा शर्यतींत एका मालकाचा बैल दुसऱ्या मालकाच्या बैलाबरोबर जुंपला की त्याला 'पैरा' म्हणतात. 'या मैदानाला कुणाचा पैरा?' हे पोरं एकमेकांना मोबाईलवर विचारतात. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं ती कायम केली. ज्या पोरांनी नांगराची मूठ कधी धरली नाही, त्यांच्या तोंडी पैरा हा शब्द शर्यतीच्या मैदानातून आलाय. अर्थ थोडा सरकलाय, पण तुझा एक आणि माझा एक मिळून जोडी, हा गाभा शाबूत आहे.

मराठवाडा

आमच्याकडं जुनी माणसं 'वारंगुळा' म्हणायची. वारंगुळ्यानं पेरणी म्हणजे आज तुझं, उद्या माझं. तुमची सावड ती हीच.

पण इर्जिकीचं जे चित्र वर काढलंय, त्याला दुसरी बाजू आहे आणि ती इथं लिहिलीच पाहिजे. गरिबाच्या इर्जिकीला माणसं आपखुशीनं जायची. पाटलाचा, देशमुखाचा सांगावा आला की 'येत नाही' म्हणायची सोय नव्हती. ज्याच्याकडं जमीनच नाही, तो दरवर्षी मोठ्याच्या इर्जिकीला जाणार, आणि त्याला इर्जिक घालायची वेळ येणार तरी कधी? पंगतीतही सगळे एका ओळीत बसत नव्हते. नाव इर्जिकीचं आणि काम वेठीचं, असं कितीतरी ठिकाणी घडलंय.

उत्तर (माणदेश)

ताई, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं झालं. या चर्चेत 'वेठ' हा शब्द यायलाच हवा होता. वेठीत बोलावणं नसतं, हुकूम असतो. आणि वेठ केवळ पाटलाच्या शेतापुरती नव्हती. महार वतनाच्या नावाखाली एका समाजाकडून गावची आणि सरकारची कामं रात्रंदिवस करून घेतली जात आणि मोबदल्याला तुटपुंजी जमीन नि बलुतं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं होतं. अशी वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. म्हणून जुन्या गोष्टी ऐकताना 'इर्जिक' हा शब्द आला की मी एक गोष्ट तपासतो: न जाणाऱ्याचं पुढं काय व्हायचं? काहीच होत नसेल तर ती इर्जिक. बलुतं अडत असेल, रानात पाऊल ठेवायची बंदी होत असेल, तर ती वेठ, मग जेवायला पुरणपोळी का असेना.

पुणे

मूळचा साताऱ्याचा, पण शहरातच वाढलो. मला 'सावडणं' फक्त अंत्यविधीनंतरचं माहीत आहे. घरी 'उद्या सावडायचंय' म्हटलं की तिसऱ्या दिवशी स्मशानात राख गोळा करायला जायचं. शेतावरच्या कामाला सावड म्हटलं तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अशुभ नाही का वाटत?

उत्तर (माणदेश)

नाही वाटत, कारण बोलण्यात दोन्हींची रूपं एकमेकांत मिसळत नाहीत. शेतावरचं आहे ते नाम: सावड, सावडीला, सावडीनं, सावडकरी. मर्तिकाचं आहे ते क्रियापद: राख सावडणं, सावडायला जाणं. 'सावडीला चाललो' म्हटलं की ऐकणारा विचारतो, कुणाच्या रानात? 'सावडायला चाललो' म्हटलं की विचारतो, कोण गेलं? एका अक्षराच्या फरकानं विचारपूस बदलते, आणि गावात वाढलेल्या सात वर्षांच्या पोरालाही तो फरक कळतो. लिहिताना तुम्हीही तेवढंच सांभाळा. 'गटानं एकमेकांची शेतं सावडली' असं मी एका पत्रकात वाचलंय. ते टाळाच.

जुन्नरचा पश्चिम पट्टा

आमच्या डोंगरी भागाचा शब्द 'पडकई'. उतारावर भातखाचरं काढायची तर दगड उचला, माती ओढा, ताल म्हणजे बांध रचा. एका कुटुंबाच्यानं ते होत नाही. म्हणून उन्हाळ्यात, हातात वेळ असताना, वस्तीतली घरं मिळून पाळीनं एकेकाची खाचरं करायची. पुढं सरकारी योजनेलाही तेच नाव मिळालं, त्यामुळं नव्या पोरांना पडकई म्हणजे मशिननं केलेलं खाचर वाटतं. मूळ शब्द खाचराचा नाही, मिळून काम करण्याचा आहे.

भाताच्या लावणीला आमच्याकडं माणसांची खरी ओढाताण होते. रोप साधारण तीन आठवड्यांचं झालं की लावायला लागतं, थोराड झालं तर फुटवे कमी येतात. पाऊसही सगळ्यांना एकदमच गाठतो. दिवस थोडे आणि खाचरं सगळ्यांचीच तयार, त्यामुळं आज कुणाची आणि उद्या कुणाची हा क्रम लावणं हेच मोठं काम. वरच्या खाचरात पाणी आधी साठतं की खालच्या, यावर तो ठरतो. वाद होतात, पण लावणी संपेपर्यंत कुणी अबोला धरत नाही.

प्रश्नकर्ती (बार्शी तालुका)

मग 'श्रमदान' कुठं बसतं? आमच्या गटात काहीजण सगळ्यालाच श्रमदान म्हणतात. ऐकायला छान वाटतं म्हणून.

उत्तर (माणदेश)

श्रमदान वेगळं ठेवा. ते कुणा एकाच्या रानात होत नाही. गावतळं, पाझर तलाव, शाळेची भिंत, ओढ्यावरचा बंधारा, म्हणजे सगळ्यांचं जे काही आहे तिथं ते होतं. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार या गावांच्या पंचसूत्रीत श्रमदान होतं ते या अर्थानं. २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात आणि पानी फाउंडेशनच्या २०१६ पासूनच्या वॉटर कप स्पर्धेतल्या कामांतही तोच अर्थ होता. पुढं त्याच संस्थेच्या फार्मर कप या गटशेतीच्या स्पर्धेतल्या गटांमुळं इर्जिक आणि सावड हे शब्द नव्यानं गावागावांत बोलले जाऊ लागले, ही मला फार आनंदाची गोष्ट वाटते. पण त्याच गडबडीत सगळं एका नावाखाली जायला लागलंय. खाजगी शेताच्या खुरपणीला श्रमदान म्हटलं की ज्याला फेड हवी आहे त्याला ती मागायची लाज वाटते. मग दोन हंगामांत कुरबूर होते आणि गट मोडतो. सावड म्हटलं की मागायला संकोच नाही, द्यायला टाळाटाळ नाही.

वृत्तान्तापुरतं सांगतो. खुरपणीचा ठराव असा लिहा: 'गटातील सभासद सावडीने खुरपणी करतील, प्रत्येक घराने दिलेले दिवस त्याच हंगामात फेडले जातील.' गटात एखादं घर आजारपणानं अडलं असेल, तर त्याच्यासाठी वेगळा ठराव करा आणि तिथं 'इर्जिक' लिहा. जेवण कोण देणार तेही लिहा, कारण अडलेल्या घराला तेवढाही खर्च झेपेलच असं नाही. गटानं शिधा गोळा करून दिला तरी ती इर्जिकच राहते. ज्यांच्याकडं जमीन नाही अशा बायका खुरपणीला येणार असतील, तर त्यांना सावडीत धरू नका. त्यांना फेडून घ्यायला रानच नाही. त्यांची मजुरी रोजच्या दरानं ठरवा आणि ठरावात 'रोजगार' असंच लिहा.

लिंगाचं म्हणाल तर सावड स्त्रीलिंगी, पैरा आणि वारंगुळा पुल्लिंगी. 'ती इर्जिक' आणि 'ते इर्जिक' दोन्ही ऐकू येतं. इरजिक, इर्जिक अशी दोन्ही रूपंही चालतात. तुमच्या गावात जसं बोलतात तसं लिहा.