लेखकाने नोकरी सोडू नये, वेब सिरीज सोडाव्यात

पाटीपेन्सिल

"एकदा नोकरीतून मोकळा झालो की कादंबरीला हात घालणार." हे ज्याच्या तोंडून ऐकतो तो कधीच लिहिणार नाही, अशी आता माझी जवळजवळ खात्रीच होते. नोकरी लेखनाच्या आड येत नाही. घरही फारसं येत नाही. आड येतात ते रात्रीचे दोन-अडीच तास, जे आपण "दमलोय, जरा डोकं रिकामं करतो" म्हणत स्क्रीनसमोर घालवतो.

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप १८३४ ते १८६७ ब्रिटिश टपाल खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचं, घड्याळ समोर ठेवायचं, आदल्या दिवशीचं अर्धा तास वाचायचं आणि मग दर पाव तासाला २५० शब्द. न्याहारीच्या आधी त्या दिवसाचं लेखन संपलेलं. अशा ४७ कादंबऱ्या. बरं, नोकरीत झोपा काढत होता असंही नाही. चॅनल बेटांवर १८५२ मध्ये रस्त्यावर टपालपेट्या बसल्या त्या त्याच्याच सूचनेवरून.

कवी टी. एस. एलियट १९१७ ते १९२५ बँकेत होता. १९२२ मध्ये त्याचा कवीमित्र एझरा पाउंडने वर्गणी काढून त्याला तिथून सोडवायचा घाट घातला, तर एलियटलाच अवघडल्यासारखं झालं. पुढे बँक सोडली तीही प्रकाशन संस्थेतल्या नोकरीसाठी. आपल्याकडे जी. ए. कुलकर्णी शिकवत होते, मर्ढेकर आकाशवाणीत होते, कोलटकर जाहिरातींत. पगार दुसरीकडून येतो म्हणून माणूस कोणाचं तोंड न बघता लिहू शकतो.

मालिकांवर माझा राग वेगळ्या कारणाने आहे. त्या फक्त वेळ खात नाहीत. गोष्टीची जी भूक आपल्याला लिहायला बसवते, ती त्या परस्पर भागवून टाकतात. आठ भाग सलग पाहून उठलेल्या माणसाला स्वतःची गोष्ट सांगायची खुमखुमी उरत नाही. घरच्यांचा वेळ कापू नका, झोप कापू नका, ही करमणूक कापा. असहमत असाल तर सांगा.

उंबरठा

असहमत. ट्रोलपचं नाव घेतलंत, पण त्याच्याच आत्मचरित्रातला एक तपशील सोयीने गाळलात. त्याला रोज उठवायला एक म्हातारा नोकर होता आणि या कामासाठी त्याला वर्षाला ५ पौंड जास्त मिळत. आपल्या यशाचं श्रेय इतर कोणाहीपेक्षा या माणसाला जास्त द्यायला हवं असेल, असं ट्रोलप स्वतःच लिहून गेलाय. म्हणजे लेखक साडेपाचला टेबलाशी बसतो तेव्हा त्याच्याआधी कोणीतरी उठलेलं असतं.

"घरही फारसं आड येत नाही" हे वाक्य ज्याच्या घरचं काम दुसरं कोणी करतं त्यालाच सुचतं. रशियन कादंबरीकार तोल्स्तोयच्या बायकोने, सोफिया तोल्स्तायाने, १३ मुलांना जन्म दिला आणि नवऱ्याची प्रचंड हस्तलिखितं पुन्हा पुन्हा हाताने उतरवली. तिने कोणती मालिका बंद करायची होती? इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फने १९२९ मध्ये हिशेबच मांडला: बाईला लिहायचं तर वर्षाला ५०० पौंड आणि कुलूप लागेल अशी खोली. शिस्तीचं नाव त्यात नाही, आणि ते विसरून राहिलेलं नाही.

सव्वासात

पाटीपेन्सिल यांना +१. उंबरठा, तुमचा मुद्दा खरा आहे, पण त्यातून निघतं काय? परिस्थिती बदलेपर्यंत लिहायचं नाही? अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन दोन मुलगे एकटीने वाढवत होती, दिवसभर प्रकाशन संस्थेत दुसऱ्यांची पुस्तकं संपादित करत होती आणि मुलं उठायच्या आधी पहाटे लिहायची. पहिली कादंबरी १९७० मध्ये आली तेव्हा ती ३९ वर्षांची होती. तिला ना म्हातारा नोकर, ना तोल्स्तोयला होती तशी बायको. आणि बहिणाबाईंचं काय? जात्यावर, शेतात राबता राबता ओव्या होत होत्याच की.

उंबरठा

बहिणाबाईंचं उदाहरण तुमच्या नाही, माझ्या बाजूने आहे. त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलाने आणि एका नातलगाने ऐकून ऐकून टिपून ठेवलं, म्हणून १९५१ मध्ये त्या गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक निघालं. ज्यांचा मुलगा कवी नव्हता त्या बायकांच्या ओव्या जात्यापाशीच संपल्या. मॉरिसनचंही तेच. पोचलेल्या एकीचं नाव सांगून न पोचलेल्यांना आळशी ठरवणं मला पटत नाही.

लिहू नका असं मी कुठेच म्हटलेलं नाही. वेळ "काढला" म्हणताना तो कोणाच्या खात्यातून काढला तेही सांगा, एवढंच म्हणतेय.

कंटाळाप्रसाद

मी बिचाऱ्या करमणुकीची बाजू घेतो, कारण तिला इथे कोणी वालीच दिसत नाही.

कथाकार फ्रान्झ काफ्का विमा संस्थेत सकाळी ८ ते दुपारी २ काम करायचा आणि रात्री लिहायचा. तो सिनेमालाही जायचा, सिनेमा पाहून रडल्याची नोंद त्याच्या डायरीत आहे. त्याने तिकिटाच्या त्या तासात आणखी चार परिच्छेद लिहिले असते तर साहित्याचं भलं झालं असतं, असं म्हणायचंय का?

दुसरं असं की रात्री दहाला मालिका बघणारं डोकं आणि लिहिणारं डोकं एकच नसतं. दिवसभर मीटिंगा, ईमेल, मुलांचा अभ्यास झाल्यावर जे उरतं ते फक्त बघू शकतं. मालिका बंद केलीत तर तिथे कादंबरी उगवणार नाही. तिथे माणूस छताकडे बघत पडेल किंवा फोनवर बोट फिरवत बसेल, आणि ते मालिकेपेक्षा वाईट. निदान मालिकेला शेवट तरी असतो. (बहुतेकदा.)

आणि ही शिस्तीची आरती. काफ्काने ज्या कथेपासून आपला सूर सापडल्याचं मानलं, ती त्याने २२ सप्टेंबर १९१२ च्या रात्री दहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत एका बैठकीत लिहिली आणि ऑफिसला चक्कर आल्याचं कळवून टाकलं. एलियटचं म्हणाल तर १९२१ च्या शेवटी त्याची मनःस्थिती ढासळली, बँकेने तीन महिन्यांची रजा दिली, आणि त्याच्या सगळ्यात गाजलेल्या कवितेचा मोठा भाग त्या रजेत झाला. तुमचेच साक्षीदार रजा घेऊन लिहीत होते, साहेब.

पाटीपेन्सिल

रजा संपल्यावर तो बँकेत परत गेला हेही सांगा की. रजा पगारी माणसालाच मिळते.

थकव्याचं म्हणणं अर्धंच पटतं. दमलेलं डोकं नवीन लिहू शकत नसेल, पण कालचं वाचू शकतं, दोन वाक्यं खोडू शकतं, पात्राचं नाव बदलू शकतं. लेखनातलं निम्मं काम असं हमालीचंच असतं आणि ते रात्री दहाला उत्तम होतं.

निळी_शाई

इथे सगळे तास मोजताहेत. माझ्या मते अडचण तासांची नाही, सलगपणाची आहे. ट्रोलपच्या २५० शब्दांवर सगळ्यांची नजर जाते, पण मला त्याचा तो पहिला अर्धा तास जास्त मोलाचा वाटतो, आदल्या दिवशीचं वाचण्याचा. कादंबरी डोक्यात जिवंत ठेवायला तो लागतो. चार दिवस खंड पडला की पाचव्या दिवशी पात्रांची पुन्हा ओळख करून घ्यावी लागते आणि मिळालेला तास त्यातच जातो. म्हणून रविवारचे सलग पाच तास मला कधी पुरले नाहीत, पण रोजची वीस मिनिटं पुरतात.

दुसरं, हातात असलेल्या वेळाप्रमाणे लिहायचा प्रकार निवडावा. अमेरिकन कवी विल्यम कार्लोस विल्यम्स डॉक्टर होता, टाइपरायटर दवाखान्यातच असायचा, दोन रुग्णांच्या मधे ओळी व्हायच्या. त्याच्या कवितेतल्या ओळी आखूड आहेत यात मला नवल वाटत नाही. मूल लहान असताना तीन पिढ्यांची कादंबरी हातात घ्यायची आणि मग घरच्यांवर चिडत बसायचं, हा हट्ट आहे. त्या वर्षांत कथा लिहा, टिपणं काढा, अनुवाद करा.

घरच्यांशी मात्र उघड बोलावं. "मी जरा आत बसतो" यात कोणालाच काही कळत नाही. अमुक ते अमुक माझी वेळ, तिच्या बदल्यात अमुक ते अमुक तुझी, असा सौदा ठरला की दाराशी दर पाच मिनिटांनी कोणी येत नाही. अर्थात तुझी वेळ खरोखर द्यायची, हे गृहीत आहे.

सव्वासात

सौदा हा शब्द आवडला. आमच्याकडे त्याला अजून "तुझं ते लिहिणं" म्हणतात.

कंटाळाप्रसाद

निळी_शाई यांच्या वीस मिनिटांना माझा पाठिंबा, कारण त्यानंतर एक भाग बघायला वेळ उरतो.

उंबरठा

पाटीपेन्सिल, सौद्याचा विषय निघालाच आहे तर थेट विचारते. तुम्ही पहाटे लिहिता असं तुमच्या एकूण बोलण्यावरून वाटतंय. त्या वेळात मूल उठलं तर कोण बघतं?

पाटीपेन्सिल

बायको. रविवारी मी.

उंबरठा

आणि रविवारी त्या वेळात ती काय करते?

पाटीपेन्सिल

झोपते. तिला लेखनात रस नाही, म्हणून हा हिशेब तिला लागू करू नका.

उंबरठा

रस लेखनातच असला पाहिजे असं कुठे आहे? तुमचे आठवड्यातले सहा दिवस, तिचा एक, आणि तोही झोप भरून काढण्यात. रात्री ती मालिका बघत असेल तर तुमच्या या धाग्याप्रमाणे पहिल्यांदा तीच कापायची, नाही का?

पाटीपेन्सिल

नाही, तिच्या मालिकेला मी हात लावत नाही. मी फक्त लिहायचंय म्हणणाऱ्यांबद्दल बोलत होतो. सहास एक हे जरा विषम आहे, त्याचं बघतो. पण कंटाळाप्रसाद, वीस मिनिटं लिहून झाल्यावर एकच भाग बघणारा माणूस मला अजून भेटायचाय.