साक्ष देताना मी खोटी तारीख सांगितली. आता काय करू?

खानापूरवाली
नमस्कार. मी खानापूर तालुक्यात शाळेत शिकवते. आमचं घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, माझा बाप्तिस्मा तान्हेपणीच झाला. दर शुक्रवारी आमच्याकडं बायकांची प्रार्थनासभा असते. एकेक जण उभी राहून साक्ष देते: अमुक तारखेला प्रभू मला भेटला, त्या दिवशी माझा नवा जन्म झाला. चार वर्षांपूर्वी माझा नंबर आला. पाय लटपटत होते. सगळ्या माझ्या तोंडाकडं बघतायत म्हटल्यावर मी बोलून गेले, "१२ मे".

त्या दिवशी काहीही घडलेलं नव्हतं. बहुतेक मी शाळेचे निकाल लिहीत बसले असेन.

तेव्हापासून सभेतली एक म्हातारी आक्का दर १२ मेला लोंढ्याहून फोन करून मला आशीर्वाद देते. यंदा मी फोन उचललाच नाही. प्रार्थना मी रोज करते, त्यात खोटं काही नाही. पण बायबलातल्या पौलावर वाटेत आभाळातून प्रकाश पडला आणि त्याला प्रभू भेटला, तसा प्रकाश माझ्यावर कधी पडला नाही. देव मला भेटलाय की मी नुसतीच ख्रिस्ती घरात वाढलेय? तुम्हाला कसं कळलं?

कॅम्पातली मावशी
पंडिता रमाबाईंचं वाचलंयस का, बाळ? १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढून विधवांना आसरा दिला. आणि त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी ध्यानात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढी शास्त्र जाणणारी बाई असं उघड लिहिते. तुला चार वर्षांची लाज कशाला?

वाटसरू
पौलाचं म्हणताय तर पुढचंही वाचा. प्रकाश पडला आणि तो आंधळा झाला. तीन दिवस अन्न नाही, पाणी नाही. लोकांनी हात धरून दिमिष्क शहरात नेलं. आणि अम्माऊस गावाच्या वाटेवरचे ते दोघे शिष्य तर मेलेल्यांतून उठलेल्या प्रभूबरोबर बोलत चालले, तरी त्याला ओळखलं नाही. भाकर मोडली तेव्हा कुठं डोळे उघडले.

निपाणीचा काका
पोरी, मला एकाहत्तर झाली. निपाणीत तंबाखूच्या एका वखारीत मी काट्यावर होतो. शेतकरी बोद घेऊन यायचा, मी वजन करायचो, मालक सांगेल तसा कडता, म्हणजे तूट म्हणून वजनातली वजावट, कापायचो. वर आणखी एक-दोन किलोचा काटा मारायचो, त्यातलं थोडं माझ्या खिशात. १९८१ साली ह्याच तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हायवेवर बसले, गोळीबारात माणसं गेली. गाव सुन्न झालं. आमचा काटा मात्र तसाच चालू राहिला. आणि रविवारी मी संडे स्कूल घ्यायचो.

१९९४ च्या पावसाळ्यात बायबलातला जक्कयाचा धडा होता, लूकचं शुभवर्तमान, अध्याय एकोणीस. जकातदार झाडावर चढतो, प्रभू त्याच्याच घरी उतरतो, आणि तो उभा राहून म्हणतो की कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. एका पोरानं विचारलं, "सर, त्याला त्या माणसांची नावं पाठ होती काय?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मला बोलता येईना. नावं होती की! माझ्या खिशातल्या वहीत, गावासकट. प्रकाश नाही, आवाज नाही. कुणीतरी ती वही उघडून माझ्यासमोर धरलीय असं वाटलं, आणि तो माझ्यावर चिडलेला नाही. हे 'चिडलेला नाही' मला आजही नीट सांगता येत नाही. चिडला असता तर मी काहीतरी सबब सांगून सुटलो असतो.

बायकोची पाटली मोडली. ती रडली, पण काढून तिनंच दिली. नोकरी गेली. सायकलवरनं गावं फिरलो. अक्कोळच्या एका म्हाताऱ्यानं थुंकी लावून नोटा दोनदा मोजल्या, चौथा हिस्सा ठेवून घेतला आणि बाकीच्या माझ्या हातात कोंबल्या. "चौपट कशाला? मी काय सावकार हाय व्हय?" मग आत बघून ओरडला, "च्या टाक गं, काट्यावरचा मास्तर आलाय!" तो चहा घशाखाली उतरेना.

सगळ्यांचं फिटलं नाही. दोघं आधीच वारले होते. एकाच्या मुलानं अंगणातूनच हाकललं, त्याचं बरोबरच होतं.

तारीख विचारशील तर रविवार होता एवढंच आठवतं. लोंढ्याच्या आक्काला खरं सांगून ये. तुझ्यासमोर कुणी वही धरली नसती तर १२ मे तुला इतका टोचला असता का?

खानापूरवाली
काका, तुमचं वाचून रात्रभर झोप नव्हती. काल लोंढ्याला जाऊन आले, फोनवर सांगवेना. आक्का तांदूळ निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. सुपातला तिचा हात थांबला. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मग दर १२ मेला मी कुणासाठी प्रार्थना केली?" मी म्हटलं, माझ्यासाठीच. तिनं सूप माझ्याकडं सरकवलं. उरलेले तांदूळ दोघींनी निवडले.

सभेत सांगायचं अजून बाकी आहे. शुक्रवारी माझ्यासाठी प्रार्थना करा.